सतरा नंबर बाद

लिफ्टची घंटा वाजली आणि आतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांत आधी मी चढले होते. माझ्यामागून चौघं आले, आणि दार मिटता मिटता एक काडीपैलवान आत घुसला, तेव्हा घंटा वाजली. आता सरळ गोष्ट आहे, जो शेवटी आला त्यानं उतरावं. पण मी जिथे असते तिथे सरळ गोष्टी वाकड्या होतात. एक बाई तर गोड हसून म्हणाल्यासुद्धा, “ताई, तुम्ही मागून या ना.”

मी उतरले. पाय आपटत उतरले.

“थांबा!” मागून आवाज आला. काडीपैलवानही बाहेर आला होता. “शेवटी मी आलो. उतरायला मी हवं होतं.”

“मग घंटा वाजली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?”

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे... तुम्ही इतक्या रागानं पाहिलंत की शब्दच फुटेना.”

पाचवा मजला. मी जिन्याकडे वळले, तर हा माझ्या शेजारी हजर. दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. तिसऱ्यावर त्यालाही लागली, म्हणून मला जरा बरं वाटलं.

“तो डबा द्या, मी घेतो,” तो म्हणाला.

मी पांढरा, गार डबा छातीशी घट्ट धरला. “यात काय आहे ते ठाऊक आहे का?”

“आहे.” त्याचे कान लाल झाले. “मीच मागवलंय ते.”

प्रेमकथा कशा सुरू होतात ते मीही वाचलंय. कुणाच्या हातात फुलं असतात, कुणाच्या हातून पुस्तकं पडतात. माझ्या हातात सकाळच्या पहिल्या शौचाची डबी होती, बर्फात ठेवलेली, वर चिठ्ठी चिकटवलेली: सतरा. झाकण घट्ट आहे ना, एवढीच मला काळजी होती.

तो पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोटातल्या जंतूंचा अभ्यास करायचा. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं. जंतूवाला.

*

मी तिथे का गेले ते सांगते, कारण त्यामागेही रागच आहे.

मावशीचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच असते. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण आहेत, आणि डोळे बांधून कुठलाही खण उघडा, आत काय आहे ते मी नुसत्या वासावरून सांगते. सर्वांत जास्त खपते ती कडवी. कडवी म्हणजे एक करडी मुळी. दळून, कोमट पाण्यातून, वजन उतरायला घ्यायची. लोक दुरून येतात त्यासाठी.

पण लोक येतात, पुडी हातात घेतात, मान वर करतात, आणि गल्ल्यावर मी बसलेली असते.

“दिव्याखालीच अंधार की हो!” असं एक शिंपीणबाई एकदा माझ्यादेखत म्हणाल्या आणि पुडी परत ठेवून गेल्या. त्या स्वतः माझ्याहून दोन बोटं रुंदच आहेत, पण त्यांना कोण बोलणार? दुसऱ्या दिवशी मावशीनं माझं स्टूल उचलून मागच्या दळायच्या खोलीत ठेवलं.

“तसं काही नाही गं,” ती म्हणाली. माझ्याकडे पाहत मात्र नव्हती. “गिऱ्हाईक बिथरतं, एवढंच.”

मावशी जेवते तेच मी जेवते, तिच्याहून एक घास कमीच. कडवी मी दोनदा महिना महिना घेऊन पाहिली होती. पण लोकांना ठाम ठाऊक असतं, की ही रात्रंदिवस चरत असणार. तेवढ्यात प्रयोगशाळेचा कागद हाती आला. ‘वजन का वाढतं? दोष तोंडाचा की पोटातल्या जंतूंचा? कडवीनं जंतू बदलतात का? बारा आठवडे, चाळीस माणसं.’

मला तेच हवं होतं. तोंडाचा दोष नाही, असं कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं आणि मी तो कागद चौकटीत घालून दुकानात टांगावा, शिंपीणबाईंच्या नजरेसमोर. अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘दुकान’ लिहिलं. कसलं, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुखांनी, नियम सांगितला. निम्म्या लोकांना खरी कडवी मिळेल, निम्म्यांना तिच्यासारखं दिसणारं खोटं चूर्ण. कुणाला काय मिळालं ते बंद पाकिटात राहील. घेणाऱ्यालाही कळणार नाही, मोजणाऱ्यालाही नाही.

घरी येऊन मी पहिली पुडी जिभेवर टाकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

खोटं होतं! रंग तोच, भुकटी तशीच बारीक, कडूही होतं. पण ते टाकल्याबरोबर कडू लागलं. कडवी अशी लागत नाही. ती जिभेवर गपचूप पडून राहते, तुम्ही गिळता, दहा आकडे मोजता, आणि मग कानामागून कडूपणा वर येतो. हे पुस्तकात नसतं. ते लहानपणापासून चाटून चाटून कळतं.

लिफ्टमधून मला उतरवलं, गल्ल्यावरून मला उठवलं, आणि आता धूळही मलाच? मी तरातरा दुकानात गेले, कडवीचा खण ओढला, चमचाभर खरी कडवी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. प्रयोगाचा सत्यानाश होईल वगैरे काही डोक्यात आलं नाही. रागाला इतकं पुढचं दिसत नाही.

*

दर सोमवारी जंतूवाला माझी कंबर मोजायचा.

माझी कंबर मोजताना लोक नेहमी काहीतरी करतात. कुणी उसासा टाकतं, कुणी फीत अपुरी पडल्याचं नाटक करतं. हा मात्र फीत धरून, खाली मान घालून, आकडा वाचायचा आणि लिहायचा. जसा कुणी खिडकीचा पडदा मोजतो तसा. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. वजनकाट्याला मात्र ते कळलं नाही.

“जेवणाच्या वहीत तुम्ही लिहिलंय, ‘अर्धं बिस्किट’,” तो एकदा म्हणाला. “उरलेलं अर्धं?”

“मावशीनं खाल्लं. तिचा नमुना आणू?”

“नको, नको.” तो हसला. पुढचा एक दात किंचित वाकडा होता. “तुमचाच पुरे आहे.”

“किती गोड बोलता हो! माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं.”

त्याचे कान लाल झाले, आणि मी आकडा विचारायचा विसरले.

सहाव्या आठवड्यात तो आमच्या दुकानात येऊन उभा राहिला. मावशी बाहेर गेली होती म्हणून मी गल्ल्यावर होते. त्यानं पोटावर हात दाबून धरला होता.

“जळजळ होते,” तो म्हणाला, “काही काढा—” आणि मला पाहून दगड झाला. “तुम्ही?”

“या, या! गावभर लोकांच्या पोटातले जंतू मोजायचे, आणि स्वतःच्या पोटाला दुकानातला काढा?”

“प्रयोगशाळेत सांगू नका.”

“तुम्हीही सांगू नका,” मी पटकन म्हटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की मी औषधवाल्यांच्या घरची आहे आणि हे मी लिहायला हवं होतं. तो बराच वेळ खणांच्या भिंतीकडे पाहत राहिला. मी काढा उकळायला ठेवला.

पेला दोन्ही हातांत धरून तो घोट घोट पीत होता. “आमच्या घरी रोज एकच वाक्य,” तो म्हणाला. “‘याच्या अंगाला काही लागतच नाही.’ आई दुप्पट वाढते, आजी तिप्पट. ताटावरून उठलो की दोघी रडतात. मी जंतूंकडे वळलो तो त्या रागातनंच.”

“तुम्हाला राग येतो?”

“येतो. उशिरा येतो.”

“कडवीसारखा,” मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. पेल्याची वाफ आमच्या दोघांच्या मधे होती. ती विरली तरी त्यानं नजर काढली नाही, आणि मी... मीही नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते. आणि रोज सकाळी चमचा चमचा त्याच्याच कामावर पाणी ओतत होते.

पुढच्या सोमवारी फीत घेऊन नर्सबाई आल्या.

“ते कुठे आहेत?”

“आतच आहेत. तुमचं मोजमाप यापुढे माझ्याकडे.”

“का?”

“मला काय ठाऊक? तसं सांगितलंय.”

काचेपलीकडे तो दिसत होता. अठरा नंबरच्या गृहस्थांची कंबर मोजत होता. म्हणजे कंबरांचा कंटाळा आला नव्हता, फक्त माझ्या कंबरेचा. वाटलं, किळस आली असेल. दुकानात मागच्या खोलीतल्या पिठात माखलेली पाहिली, मन विटलं असेल. घरी येऊन त्या दिवशी मी जात्यावर अशी कडवी दळली की मावशी दारातून म्हणाली, “अगं, मुळी आधीच मेलेली आहे.”

तो दुकानातही पुन्हा फिरकला नाही. आणि मी रोजचा चमचा चालूच ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

*

बाराव्या आठवड्यात एका दुपारी तो धावत आला. बाहेर धो धो पाऊस. पावसाचं लोकांना काय कौतुक असतं कोण जाणे. आमच्या धंद्यात तो बुरशी आणतो. हा ओलाचिंब आत शिरला आणि वाळत घातलेल्या मुळ्यांच्या परातीवर ठिबकू लागला.

“मागे व्हा!” मी ओरडले. “इतके दिवस तोंड दाखवलं नाही आणि आता माल भिजवायला आलात?”

“मी हे सांगायला नको,” तो धापा टाकत म्हणाला. “नियमात बसत नाही. पण सतरा नंबर... तुमच्या पोटात जे वाढलंय ना, ते इतकं सुरेख आहे! आम्ही शोधत होतो तो जंतू कुणाच्याच नमुन्यात इतका नाही. तुमच्या पाकिटात ‘खरी’ निघणार हे नक्की, आणि कडवीनं जंतू बदलतात याची माझी सगळ्यात मोठी साक्ष तुम्हीच.”

“वजन तर दोनच किलो उतरलंय.”

“त्याची घाई काय आहे? दोष तोंडाचा नव्हता, हे तर कळेल.” त्यानं केसांवरचं पाणी पुसलं. “चाळीस माणसं हवीच होती, म्हणून सुरुवातीला थोडी जास्तीची घेतली होती. जी गळायची ती गळली, आता बरोबर चाळीस उरलीत. सोमवारी पाकिटं फोडणार. एक माणूस जरी कमी असता तरी मोठ्या बाईंनी फोडली नसती.”

तो हसत होता. तो वाकडा दात दिसत होता. मला पाहिजे होता तो कागद, शिक्क्यासकट, चार दिवसांवर आला होता. आणि तो खोटा असणार होता. कारण पाकिटात माझ्या नावासमोर ‘खोटं चूर्ण’ लिहिलेलं असेल, आणि त्याची सगळ्यात मोठी साक्ष त्याच्यावरच उलटेल. खोटं घेऊनही जंतू बदलतात, मग कडवीचा काय उपयोग, असं लोक म्हणतील.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. जा. मुळ्या भिजतायत.”

*

सोमवारी मी जिन्यानं पाचवा मजला चढले. दार उघडलं तेव्हा मोठ्या बाई टेबलाशी होत्या, तो शेजारी उभा होता, समोर पाकिटांची चवड होती.

“माझं पाकीट फोडा,” मी म्हणाले. “आत खोटं चूर्ण असेल. पहिल्या दिवशीच जिभेला कळलं. मला राग आला. त्या दिवसापासून रोज मी घरची खरी कडवी खाल्लीये.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, चवडीतून सतरा नंबर काढला, फाडला, वाचला. “खोटं,” त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच, “कमाल आहे. आमच्या यंत्रालाही फरक ओळखायला दोन दिवस लागतात.”

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी मनात आकडे मोजत होते. बरोबर दहावर आला त्याचा राग.

“बारा आठवडे!” तो म्हणाला. “बारा आठवडे मी तुमच्या नमुन्यावर डोळे फोडतोय. बाकी एकोणचाळीस माणसांनी इमानानं घेतलं, खोटं तर खोटं! कुणीतरी खोटं घ्यावं लागतं, त्याशिवाय खऱ्याची किंमत कळत नाही. एवढंसुद्धा—”

“ते कुणीतरी मीच का?” माझा आवाज चढला. “दर वेळी मीच का? लिफ्टमधून मी उतरायचं, गल्ल्यावरून मी उठायचं, धूळ मी खायची! आणि तुम्ही? एक दिवस काढा पिऊन गेलात आणि दुसऱ्या सोमवारपासून माझ्या कंबरेला हात लावायला नर्स!”

दाणकन दार ओढून तो निघून गेला.

खोलीत पाकिटं आणि आम्ही दोघी राहिलो. मोठ्या बाईंनी शांतपणे एक जाड वही पुढे सरकवली. “सतरा नंबर बाद. इथे सही करा. कारण मी लिहिते.”

मी पान उलटलं. माझ्याच नंबरचं पान होतं ते. सही करायच्या जागेच्या वर, सातव्या आठवड्याची तारीख घालून, त्याच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

‘सतरा नंबर औषधवाल्यांच्या घरच्या आहेत, हे मला गेल्या आठवड्यात समजलं. त्यांचं मोजमाप माझ्याकडून काढून घ्यावं, कारण फीत धरताना माझा हात थरथरतो आणि आकडा चुकतो.’

मी ते तीनदा वाचलं.

“त्या नोंदीवर मी तेव्हाच निर्णय घेतला होता,” मोठ्या बाई म्हणाल्या. “दुकानामुळे नमुना बिघडत नाही, राहू द्या, असा. दुसऱ्या कारणासाठी मात्र त्याला सांगितलं, बारा आठवडे संपेपर्यंत त्या बाईंशी अवाक्षर बोलायचं नाही. तेवढा एक नियम त्यानं बाराव्यात मोडला.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “सही करा. मग पळा. चाळिसावा माणूस मला महिनाभरात हवाय, आणि तो तुम्ही दोघांनी मिळून शोधायचा आहे.”

मी सही केली. इतकी वाकडी सही मी जन्मात केली नव्हती.

तो तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मी दोन पायऱ्या वर थांबले.

“हात थरथरतो म्हणे.”

त्यानं मान वर केली नाही. “वाचलंत?”

“एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, न वाचून कसं चालेल? मला वाटलं, तुम्हाला माझी किळस आली.”

“किळस?” तो झटकन उठला, आणि आता त्याच्या आवाजात पुन्हा राग होता, पण वेगळा. “सहाव्या आठवड्यात मी तुमची कंबर एक वीत कमी लिहिली! मोठ्या बाई म्हणाल्या, ही बाई काय हवेत विरघळतेय का? मला आकडा दिसतच नव्हता. तुम्ही श्वास घ्यायचात आणि मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. आणि तुम्ही... किळस!”

मी काहीतरी फणकाऱ्यानं बोलणार होते. शब्दच आला नाही. तोंडात मिठाची गुळणी.

“तुझं काम बुडवलं मी,” शेवटी म्हणाले. ‘तुझं’ कधी झालं ते मलाही कळलं नाही. “मला तो कागद हवा होता. माझा दोष नाही, असं लिहिलेला. आणि तो मीच माझ्या हातानं फाडला. मला माझाच इतका राग आलाय की...”

“तो कागद कशाला हवाय तुला?”

“दुकानात टांगायला.”

“त्यापेक्षा तू बस ना तिथे,” तो म्हणाला. “पुढे. गल्ल्यावर. सगळ्या खणांच्या मधोमध. मी त्या दिवशी आलो तेव्हा बसली होतीस तशी.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. त्याला दिसलंच असणार.

“चाळिसावा माणूस आहे माझ्याकडे,” मी नाक ओढत म्हणाले. “एक शिंपीणबाई. दिव्याखालचा अंधार त्यांना फार दिसतो. उद्या गल्ल्यावर बसते आणि येऊ देत त्यांना. सही घेतल्याशिवाय सोडत नाही.”

तो हसला. तो दात. “आणि मी? बाद झालेल्या माणसाशी बोलायला आता कुठलाच नियम आड येत नाही, म्हणून विचारतो...” तो थांबला. कान लाल. मी आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन... सातपर्यंत आले तोच तो म्हणाला, “मला तू आवडतेस. रागासकट. जंतूंसकट. होतीस तशी आणि आहेस तेवढी.”

“दहा व्हायच्या आत बोललास,” मी म्हणाले. “कडवी अशी नसते.”

“मग मी खोटा?”

मी दोन पायऱ्या उतरले आणि त्याचा हात धरला. खरंच थरथरत होता.

“नाही,” मी म्हणाले. “माझाही जीव जडलाय तुझ्यावर. पहिल्या डब्यापासून.”

मोठ्या बाईंना सांगायला आम्हाला पुन्हा पाचव्या मजल्यावर जायचं होतं. तो सवयीनं जिन्याकडे वळला. मी त्याला मागे ओढलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. आत चार माणसं होती.

“घंटा वाजली तर?” तो कानाशी पुटपुटला.

“वाजू दे,” मी म्हणाले, आणि आत शिरले.